वाईट बातमी वेळेवर सांगणारी मंडळी

ज्या घरांतून एखादा मुलगा, मुलगी, सून अथवा जांवई सॉफ्टवेअरच्या व्यवसायांत नाहीं अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडींच उरलीं असतील. हिंजवडीस किंवा खराडीस जाणारी ही मंडळी सकाळीं कानांस यंत्र लावून पंधरा मिनिटें कोणाशीं तरी बोलते, "स्टँड-अप चालू आहे" असें खुणेनें सुचविते, आणि आजोबांनीं चहाचें विचारलें तर नुसता हात हालविते. दर पंधरवड्यास त्यांचा एक 'स्प्रिंट' संपतो व दुसरा लागतो. ह्या सर्व प्रकारास 'अ‍ॅजाइल', म्हणजे चपळ, पद्धति म्हणतात एवढें घरांतील वडील माणसांच्या कानांवर असतें. परंतु ही चपळाई नेमकी कशांत आहे, आणि पद्धति चपळ असूनहि पुष्कळ मुलें रात्रीं अकरा वाजतां डोकें धरून कां बसलेलीं दिसतात, ह्याचा उलगडा त्यांस क्वचितच होतो. त्याविषयीं ह्या महिन्यांत चार शब्द लिहावेत असें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वी संगणकाची मोठी व्यवस्था उभारावयाची ती पूल बांधावा तशी. आधीं सर्व मागण्या लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग बांधकाम, मग तपासणी. आणि ज्याला ती वस्तु वापरावयाची त्यास तिचें प्रथमदर्शन दोन-तीन वर्षांनीं! तोंवर त्याची गरजच पालटलेली असे. ह्याला कंटाळलेले सतरा व्यावसायिक फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेतील यूटा प्रांतांत स्नोबर्ड येथें एकत्र जमले व त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा लिहिला. कागदपत्रांच्या ढिगापेक्षां चालणारी वस्तु महत्त्वाची, करारावरून भांडण्यापेक्षां गिऱ्हाइकाबरोबर बसून काम करणें महत्त्वाचें, अशा धर्तीचीं चार सूत्रें त्यांत आहेत. कल्पना सर्वस्वी नवी होती असें नव्हे. ताकेउची आणि नोनाका ह्या दोन जपानी अभ्यासकांनीं १९८६ सालीं 'हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू'मध्यें होंडा, कॅनन इत्यादि कारखान्यांतील तुकड्यांचें वर्णन करतांना त्यांस रग्बीच्या खेळाची उपमा दिली होती. 'स्क्रम' हा आज घरोघर ऐकूं येणारा शब्द त्या खेळांतलाच.

इतिहास एवढा पुरे. एका उदाहरणानें हा विषय अधिक उघड होईल. अमेरिकेची मध्यवर्ती तपास-संस्था एफ.बी.आय. हिला आपल्या कागदी फायलींच्या जागीं संगणकीय व्यवस्था हवी होती. पहिला प्रयत्न २००५ सालीं सोडून द्यावा लागला. त्यांत सुमारें १७ कोटि डॉलर बुडाले. दुसरा प्रयत्न २००६ त सुरू झाला व त्यास 'सेंटिनेल', म्हणजे पहारेकरी, असें नांव ठेवण्यांत आलें. काम एका बड्या कंपनीस चार टप्प्यांत दिलें होतें. ऑगस्ट २०१० मध्यें सरकारी तपासनिसांनीं हिशेब पाहिला, तेव्हां ४५ कोटि १० लक्ष डॉलरांपैकीं सुमारें ४० कोटि ५० लक्ष खर्च झाले होते आणि चारांपैकीं दोनच टप्पे पदरांत पडले होते. मग संस्थेनें तें काम आपल्या हातीं घेतलें. कंत्राटी माणसें सुमारें २२० होतीं तीं ४० वर आणावयाचीं, आणि आपलीं ३० होतीं तीं १२ वर, असें ठरलें. राहिलेल्या कामाची एक यादी केली, तिचे पंधरवड्या-पंधरवड्याचे तुकडे पाडले, आणि प्रत्येक पंधरवड्याच्या शेवटीं जें चालूं लागलें असेल तेवढेंच संबंधितांपुढें चालवून दाखविण्याचा पाठ ठेवला. जुलै २०१२ मध्यें ती व्यवस्था सर्व संस्थेंत वापरांत आली.

माणसें कमी केलीं आणि काम पुरें झालें, हें वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल; परंतु ज्यानें कार्याच्या घरचा स्वयंपाक पाहिला आहे त्यास तें वाटूं नये. पानें मांडलीं जात असतां ऐन वेळीं दहा नव्या बायका मदतीस आल्या, तर मीठ कोठें, पळी कोणती, वाटण कोणीं केलें, हें सांगण्यांतच जुन्या बायकांचा वेळ जातो. फ्रेड ब्रुक्स ह्या आय.बी.एम.मधील अनुभवी गृहस्थांनीं १९७५ सालच्या आपल्या पुस्तकांत हेंच लिहिलें आहे: मागें पडलेल्या कामावर आणखी माणसें घातलीं तर तें आणखी मागें पडतें. त्यांचें गणितहि सोपें आहे. पांच माणसांत परस्परांशीं बोलण्याच्या जोड्या १० होतात. ५२ माणसांत १,३२६. आणि २५० माणसांत ३१,१२५! आजच्या 'स्क्रम'च्या अधिकृत पुस्तिकेंतहि (आवृत्ति २०२०) तुकडी साधारणपणें दहा किंवा त्याहून कमी माणसांची असावी असें म्हटलें आहे. मात्र त्या दहांत लिहिणारा, तपासणारा, रूप ठरविणारा असे सर्व हुन्नर असावे लागतात. एरवीं प्रत्येक लहान गोष्टीसाठीं दुसऱ्या खात्याच्या दारांत ताटकळत बसावें लागतें.

येथवर सर्व ठीक. पण लहान तुकडी, पंधरवडा व रोजची उभ्यानें सभा हीं तीनहि असून काम बिघडलेलीं कचेऱ्यांचीं उदाहरणें शेंकड्यांनीं सांपडतील, आणि आमच्या मतें खरा प्रश्न तेथेंच आहे. सकाळची सभा तुकडीनें एकमेकांच्या अडचणी सोडविण्यासाठीं असते, तिची हजेरी झाली, वरिष्ठानें एकेकास "कालचें कां राहिलें?" म्हणून विचारावयास आरंभ केला, कीं दुसऱ्या दिवसापासून खरें उत्तर मिळणें बंद होतें. मुलगा म्हणतो "होत आलें." त्याचा म्होरक्या वर सांगतो "जवळजवळ झालें." त्याच्यावरचा साहेब परदेशांतील गिऱ्हाइकास लिहितो "झालें." असल्या अहवालास ह्या धंद्यांतले लोकच 'कलिंगड' म्हणतात: वरून हिरवें, आंत लाल. तें कलिंगड शेवटीं फुटतें तें त्या मुलाच्या अंगावर, आणि रात्रीं अकराचें डोकें धरून बसणें बहुधा तेथून सुरू होतें.

टोयोटाच्या कारखान्यांत साखळीवर काम करणाऱ्या कोणाहि मजुरास, दोष दिसतांच, डोक्यावरची दोरी ओढण्याचा अधिकार असतो. दोरी ओढली कीं म्होरक्या धांवत येतो. दोष लगेच निघाला नाहीं तर साखळी थांबते. दोरी ओढणाऱ्यास कोणी रागें भरत नाहीं. एमी एडमंडसन ह्या अमेरिकन विदुषींनीं रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला (तो १९९६ त प्रसिद्ध झाला), त्यांत त्यांस एक विलक्षण गोष्ट आढळली. उत्तम समजल्या जाणाऱ्या परिचारिकांच्या तुकड्यांत चुकांची नोंद कमी नव्हे, तर अधिक होती! उलगडा असा कीं, तेथें चूक झाली तर ती सांगतां येत असे. इतरत्र ती झांकली जात असे. पुढें १९९९ च्या आपल्या निबंधांत त्यांनीं ह्या गुणाचें 'मानसिक सुरक्षितता' ह्या नांवानें विवेचन केलें. गूगलनें २०१२ पासून आपल्या १८० तुकड्या तपासल्या, तेव्हां चांगल्या तुकडीच्या लक्षणांत हाच गुण पहिला ठरला. कोण हुशार आहे ह्यापेक्षां मंडळी एकमेकांशीं कशी वागते ह्याला अधिक वजन आलें.

आपल्या घरांतून हा गुण कितपत आहे, हें वाचकांनींच ठरवावें. "अण्णांना आतां सांगूं नका, उगीच त्यांचा रक्तदाब वाढेल," हें वाक्य कोणत्या घरीं बोललें गेलें नाहीं? नापास झालेला पेपर, बुडालेली ठेव, मोडलेली सोयरीक, हीं सर्व कर्त्या पुरुषास शेवटीं कळतात, आणि तीं शेवटींच कां कळतात ह्याचा विचार तो सहसा करीत नाहीं. म्हणूनच "आपली कंपनी म्हणजे एक कुटुंबच" असें साहेब म्हणूं लागले कीं आमचे कान टवकारतात. एक तर तिमाहीचें उत्पन्न घटलें म्हणून कोणी पुतण्यास घराबाहेर काढीत नाहीं. दुसरें असें कीं, कुटुंबांत वडीलकीचा मान असतो आणि तो असावाहि. पण तुकडींत तेवीस वर्षांच्या मुलीस पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांस "तुमचा आराखडा येथें चुकला" असें बिनदिक्कत म्हणतां आलें पाहिजे, आणि त्यांनीं तें ऐकून घेतलें पाहिजे.

नुसतें गोड बोलूनहि भागत नाहीं; चूक स्वस्त करावी लागते. रोजकीर्द रोज लिहिणाऱ्याचा घोळ एका दिवसाच्या पानांत सांपडतो, वर्षअखेर लिहावयास बसणाऱ्यास तीनशें पानें चाळावीं लागतात. सॉफ्टवेअरचेंहि तसेंच आहे. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम ह्या तिघांनीं आपल्या २०१८ च्या पुस्तकांत दाखविलें आहे कीं, ज्या तुकड्या लहान लहान बदल वारंवार लोकांच्या हातीं देतात, त्यांच्याकडे बिघाडाचें प्रमाणहि कमी असतें, आणि झालेला बिघाड लवकर दुरुस्त होतो. घाई आणि सुरक्षितपणा हे एकमेकांचे वैरी हा आपला जुना समज येथें खोटा ठरतो. मात्र त्यासाठीं प्रत्येक बदलाबरोबर यंत्रानेंच तपासणी व्हावी अशी तजवीज आधीं करावी लागते, आणि ती करण्यास वेळ न देतां "चपळ व्हा" म्हणणारे साहेब पुष्कळ भेटतात.

बढतीच्या पद्धतीनेंहि बरेंच बिघडतें. तुकडींतल्या माणसांस एकमेकांशीं तोलून, अमुक इतके उत्तम व अमुक इतके वाईट ठरविलेच पाहिजेत असा नियम मायक्रोसॉफ्टमध्यें होता. तो त्या कंपनीनें नोव्हेंबर २०१३ मध्यें काढून टाकला. शेजाऱ्याचें काम सुधारलें कीं आपला क्रमांक घसरतो, अशा ठिकाणीं त्यास मदत कोण करणार?

आतां पुन्हा त्या पहारेकऱ्याकडे वळूं. 'सेंटिनेल' सुरू झाल्यावर दोन वर्षांनीं, २०१४ त, तपासनिसांनीं पुन्हा चौकशी केली. नित्याच्या कामास ही व्यवस्था एकंदरीनें उपयोगी पडते असें बहुतेकांनीं सांगितलें. पण हवा तो कागद शोधूं गेलें असतां मिळत नाहीं, अशी पुष्कळांची तक्रार निघाली. ती तक्रार अहवालांत स्पष्ट शब्दांत छापलेली आहे, आणि शोधाची सोय सुधारण्याचें काम त्यापुढें करावयाचें म्हणून संस्थेपुढें आलें.