अरण्याचें दार बंद करावें काय?

न्यूझीलंडच्या उत्तर भागांतील कौरी वृक्ष हजार वर्षांहूनही अधिक जगतात. या महावृक्षांस मातींतील एक सूक्ष्म जंतु मारीत आहे. 'फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा' हें नांव त्यास २०१५ सालीं मिळालें. कोंकणांतील सुपारीचा कोळेरोग याच जातकुळीचा. ओल्या मातींतून त्याचीं बीजुकें पोहत मुळांशीं जातात. मुळें कुजतात, बुंध्यांतून डिंक वाहतो, आणि झाड उभेंच वाळतें. रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. जोड्यास लागलेली चिमूटभर मातीही तो पसरविण्यास पुरते. म्हणजे वनाची शोभा पाहावयास आलेला मनुष्यच त्याचा वाहक!

२०१७ च्या डिसेंबरांत 'ते कवेराऊ आ माकी' या माओरी लोकांनीं वाइटाकेरे डोंगरांतील वनावर 'राहुई', म्हणजे परंपरागत प्रवेशबंदी, घातली. लोक तरीही जात राहिले. ऑकलंडच्या नगरपरिषदेची बंदी मागाहून, २०१८ सालीं आली. वन सर्वांचें असतां कोणास कां अडवावें, असा आक्षेप निघतो. आम्हांस तो पटत नाहीं. बंदीनें आपली एक सहल बुडेल. पण कौरी गेला तर आपल्या नातवांच्या नातवांसही तसा वृक्ष दिसणार नाहीं. पुढें कांहीं वाटा सुधारून पुन्हां खुल्या झाल्या. तेथें जोडे घासून, जंतुनाशक लावून मगच आंत जावें लागतें.