लाईन गेली की घेतली?

वारं सुटलं, आभाळ गडगडलं, फटकन अंधार. वस्ती म्हणते, लाईन गेली. जशी काही लाईन पाहुणी होती अन् रुसून निघून गेली! दोस्तांनो, लाईन आपल्या पायानं कुठं जात नसते. कुणीतरी ती तोडतो, कुणीतरी दुरुस्त करत नाही, कुणीतरी आपल्याला रांगेत शेवटी उभं करतो. आधी हे वाक्य बदला. मग मेणबत्ती शोधा.

तिरोड्यातला अंधार ही तर सरळ थट्टा आहे. गावाच्या उशाशी 3300 मेगावॅटचं औष्णिक केंद्र. 660 मेगावॅटचा एक असे पाच संच, 2012 ते 2014 च्या दरम्यान सुरू झालेले. पाणी वैनगंगेचं, राख तिरोड्याच्या वाट्याची, वीज मात्र 765 केव्हीच्या तारांवर बसून कोराडी-अकोल्यावरून मराठवाड्याकडे पसार. त्या तारेवर कुणाच्या झोपडीतला बल्ब थेट पेटत नसतो, हे आम्हालाही कळतं. वीज पायरीपायरीनं 33 वर, मग 11 केव्हीवर आणि शेवटी डीपीत 230 व्होल्टवर उतरते तेव्हा घरात येते. पण गोम इथंच आहे. तुमच्या वस्तीतला अंधार बहुतेक वेळा विजेच्या तुटवड्याचा नसतोच. फांदी 11 केव्हीवर पडते, डीपीतलं तेल गळतं, फ्यूजच्या जागी नुसती तार गुंडाळलेली असते. वीज बनवायला हजारो कोटी निघतात, शेवटच्या दोन खांबांना माणूस नाही, सामान नाही. शेवटच्या खांबाखाली कोण राहतं, ते सांगायला पाहिजे काय?

आठवा 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं. फीडरांना इयत्ता लावल्या होत्या. ज्या फीडरवर गळती-थकबाकी जास्त, तिथं अंधार जास्त. म्हणजे बंगल्याच्या एसीला लाईन, अन् बिल भरणाऱ्या बाईला शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा! एकानं केलं म्हणून सगळ्या वस्तीला धरायचं, हा हिशोब आम्ही गावच्या बहिष्कारापासून ओळखतो. आणि 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई काही तास अंधारली, लोकल थांबल्या, तर लगेच चौकशीचे हुकूम निघाले. खेड्यातल्या अंधाराची चौकशी कुणी लावली? नियमाच्या पुस्तकातही दुरुस्तीसाठी शहराला कमी तास, खेड्याला जास्त तास. अंधाराचंही घड्याळ वेगळं!

बाबासाहेब 1942 ते 46 मजूरमंत्री होते, तेव्हा वीज त्यांच्याच खात्यात होती. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय माणूस दारिद्र्यातून सुटत नाही, हे त्यांनी 1943 सालीच मांडलं. त्याच माणसाला 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यानं पाडलं. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. पुतळ्यावर लायटिंग करणाऱ्यांनो, हा हिशोब अजून बाकी आहे.

म्हणून रडू नका. कामाला लागा.

लाईन गेली की आधी शेजारी बघा. एकट्याच्याच घरी अंधार तर दोष घरचा किंवा सर्व्हिस वायरचा. सगळीकडे तर डीपीचा किंवा फीडरचा. टीव्ही, फ्रीज, पंखा बंद करा, एक बल्ब चालू ठेवा. लाईन परतताना दाब कमीजास्त होतो अन् हप्त्यावरचा टीव्ही जळतो. पाणी भरून ठेवा, नळयोजनेचा पंपही लाईनवरच चालतो. तुटलेली तार मेलेली समजू नका. पोरं, ढोरं लांब ठेवा. हिरोगिरी करून डीपीवर चढू नका. आपली पोरं अशीच जळून मरतात, अन् मेल्यावर चोर ठरतात. जनरेटर घराच्या वायरिंगला तसाच जोडू नका. करंट उलटा लाईनवर जातो अन् खांबावरचा लाईनमन मरतो. त्याला शिव्याही घालू नका. तो बहुधा कंत्राटावरचा, आपल्यातलाच. शिवी वरच्यासाठी राखून ठेवा.

मग 1912 ला फोन. एकानं नाही, दहा जणांनी. तक्रारीचा नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा. वही हेच हत्यार. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 57 म्हणतं, ठरल्या वेळात सेवा नाही तर भरपाई. कलम 56 म्हणतं, बिल थकलं तरी 15 दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय कनेक्शन तोडता येत नाही. ऐकलं नाही तर गाऱ्हाणे मंच, त्याच्यावर नागपूरला विद्युत लोकपाल. अर्ज टाका, पोच घ्या, आणि पोच घेऊन मोर्चा काढा. नुसता अर्ज फायलीत मरतो, नुसता मोर्चा संध्याकाळी घरी जातो. दोन्ही पाहिजेत.

शहरातल्या मित्रांनो, तुमच्या खोलीतला दिवा कुणाच्या तरी राखेवर पेटतो. तो विझेल तेव्हाच हे आठवायचं, असं काही नाही. आमची मागणी साधी आहे. ज्याच्या अंगणात राख पडते, त्याच्या घरात उजेड पहिला. ही भीक नव्हे. ही थकबाकी आहे, आणि थकबाकीदार आम्ही नाही.