हापूसचे खत आणि दहावीचे गणित



पावसाच्या तोंडावर कलमांना खत घालताना एक चूक पुष्कळांच्या हातून होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की, दहा वर्षांवरील हापूसला शेणखताबरोबर दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व एक किलो पालाश द्यावे. स्फुरदासाठी आपण डीएपी घालतो आणि नत्रासाठी युरिया वेगळा, सव्वातीन किलो! डीएपीत 46 टक्के स्फुरदाबरोबर 18 टक्के नत्रही असते, हे विसरतो.

डीएपी किती, युरिया किती, ही दोन अज्ञाते. आधी सोपे समीकरण सोडवा. 500 ग्रॅम स्फुरदाला 0.46 ने भागा. डीएपी सुमारे 1,090 ग्रॅम. ही किंमत नत्राच्या समीकरणात ठेवा. डीएपीतून 196 ग्रॅम नत्र मिळाले, उरले 1,304. युरियात नत्र 46 टक्के. म्हणून युरिया 2,835 ग्रॅम. झाडामागे सव्वाचारशे ग्रॅम वाचला. शंभर कलमांना साडेबेचाळीस किलो, म्हणजे 45 किलोची गोणी जवळजवळ अख्खी!

पालाश मात्र डीएपीत नाही. ते वेगळे द्यावे.

यंदा दहावीतल्या लेकीलाच वही घेऊन बसवा. तिचा सराव होईल, तुमचा पैसा वाचेल.