पैसा मोठा, सेल कुठे?

मे 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 18,100 कोटी रुपयांचं अनुदान मंजूर केलं. बॅटरीचे सेल इथेच बनावेत, 50 गिगावॅट-तासांची क्षमता उभी राहावी म्हणून. 2025 सरत आलं तेव्हा या योजनेतून दीड गिगावॅट-तासही उभे राहिले नव्हते. याला मी दिरंगाई म्हणणार नाही. योजना आखणाऱ्यांनी सेल कसा बनतो याचा विचारच केला नाही, असा माझा सरळ आरोप आहे.

तांब्याच्या फॉइलवर ग्राफाइटचा लेप, अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर लिथियमच्या संयुगाचा. लेपाची जाडी मायक्रॉनच्या हिशेबात सारखी लागते. दमटपणा हा सेलचा वैरी. खोली इतकी कोरडी ठेवावी लागते की आत किती माणसं श्वास घेताहेत याचाही हिशेब धरतात. मग सेल हळूहळू चार्ज-डिस्चार्ज करत, मुरवत ठेवायचे. नव्या कारखान्यात सुरुवातीला ढिगानं माल बाद होतो. हात बसायला वर्षं जातात आणि ती विकत मिळत नाहीत.

आणि या योजनेच्या निविदेत काय पाहिलं? ऐपत आणि आश्वासनं. किमान बोलीच 5 गिगावॅट-तासांची, म्हणजे छोट्या, जाणत्या उद्योजकाला दारातूनच परत पाठवलं. निवड कोणाची झाली? सोन्याच्या व्यापारात नाव कमावलेल्या राजेश एक्सपोर्ट्सची. तोवर स्कूटर विकणाऱ्या ओलाची. ‘ह्युंदाई ग्लोबल मोटर्स’ नावाच्या कंपनीला तर 20 गिगावॅट-तास दिले. कोरियाच्या ह्युंदाईनं आपला तिच्याशी संबंध नसल्याचं सांगितलं आणि सरकारशी तिचा करार झालाच नाही. रिलायन्सकडे पैशाला तोटा नाही, तरी मार्च 2025 मध्ये दिरंगाईबद्दल दंडाचं पत्र तिलाही गेलं. वर अट अशी, की दोन वर्षांत 25 टक्के आणि पाच वर्षांत 60 टक्के मूल्यवर्धन देशातच हवं. यंत्रं चीनची, ती बसवणारे तंत्रज्ञ चीनचे, आणि त्यांचे व्हिसा आपणच अडवून ठेवले होते.

सरकारची बाजू घेणारे म्हणतात, उत्पादन झाल्याशिवाय अनुदान नाही, म्हणजे जनतेचा पैसा शाबूत आहे. पैसा शाबूत आहे, वर्षं गेली त्याचं काय? जगातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त बॅटऱ्या आज चीन बनवतो. आपण भोसरी-चाकणच्या शेडमध्ये आयात सेलची खोकी फोडतो, व्होल्टेज तपासून सेल निवडतो, निकेलची पट्टी स्पॉट-वेल्ड करतो, बॅटरी सांभाळणारं बीएमएस सर्किट जोडतो आणि वर ‘मेड इन इंडिया’चं लेबल लावतो. त्या शेडमधली पोरं कामात चोख आहेत. पण त्यांच्या हाती सेल बाहेरूनच येतो.

ज्ञान इथे नाही असंही नाही. इस्रोनं 2018 मध्ये आपलं लिथियम-आयन सेलचं तंत्रज्ञान एक कोटी रुपयांत उद्योगांना देऊ केलं होतं. अंतराळातला सेल आणि स्कूटरचा सेल एक नव्हे, मान्य. पण सुरुवात तिथून करता आली असती. कराईकुडीची सीएसआयआरची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं याच विषयावर काम करते. पुण्यात आयसर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्याला लिथियम लागतच नाही.

या मंडळींचं घोडं अडतं ते प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यावर. तिथे लागते पायलट लाइन: छोटी, महागडी, सुरुवातीला तोट्यातच चालणारी, कोणीही पैसे भरून आपला सेल करून पाहू शकेल अशी. खासगी भांडवल तिथे फिरकत नाही, म्हणून सरकारी पैसा आधी तिथेच जायला हवा. अनुदानाची न वाटलेली रक्कम पुन्हा त्याच बड्या घरांसाठी राखून ठेवू नका. पुण्यात, कराईकुडीत अशा लाइन उभ्या करा, आणि पुढची निविदा काढाल तेव्हा पहिला प्रश्न ताळेबंदाचा विचारू नका. तुम्ही आजवर किती सेल बनवले आणि त्यातले किती बाद झाले, ते विचारा.