दोन मिनिटांत काय होतंय?

रॉक ऐकणाऱ्या मंडळींना दोन विषयांवर भांडायला मनापासून आवडतं. कुठल्या नामांकित बँडचा कुठला अल्बम फुसका निघाला, आणि कुठल्या बिचाऱ्या अल्बमवर जगाने अन्याय केला. आमच्या कोल्हापुरी कंपूत पहिल्या विषयावर फारसा वेळ जात नाही. मेटॅलिकाचा २००३चा 'सेंट अँगर' म्हटलं की एकमत. तो स्नेअर ड्रम ऐकताना शेजारी कुणीतरी तेलाचा रिकामा डबा बडवतोय असं वाटतं. लेड झेपलिनचा १९८२चा 'कोडा' म्हणजे बॉनहॅम गेल्यावर उरलंसुरलं गोळा करून दिलेली फोडणी. चला, तेही मान्य.

दुसऱ्या विषयावर मात्र मी एकटा पडतो. कारण माझं मत 'वंडरवॉल म्युझिक'ला! जॉर्ज हॅरिसनचा १९६८चा अल्बम. (हा बँडचा नाही, सोलो आहे, असा तांत्रिक मुद्दा कुणीतरी काढतंच. काढू दे.) बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला सोलो अल्बम, अ‍ॅपल रेकॉर्ड्सचाही पहिलाच, आणि त्यातला निम्माअर्धा भाग रेकॉर्ड झाला आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारी १९६८मध्ये. तिथे तेव्हा मोनो मशीनच होतं, म्हणून भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन रेल्वेने आणवलं. आवाज अडवायची सोय इतकी यथातथा, की संध्याकाळी ऑफिसं सुटली की जिन्यावरचा धडधडाट ऐकू यायचा आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. हे हॅरिसननेच पुढे सांगितलेलं आहे.

आता यावरचा नेहमीचा आक्षेप. "अरे १९ तुकडे आहेत त्यात. राग सुरू होतोय तोवर संपतोय. दोन मिनिटांत काय होतंय, भावा?"

तुकडे आहेत हे खरंच. हे 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत. हॅरिसनने स्टॉपवॉच घेऊन एकेक प्रसंग मोजला आणि तेवढ्याच सेकंदांचं संगीत बसवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच तशी होती.

पण लहान म्हणजे उथळ, हे कोल्हापूरकराने तरी म्हणू नये! अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले, पण त्यांच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग आपल्याकडे नाही. त्या घराण्याचा जुना आवाज आपल्यापर्यंत पोचला तो शिष्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून. केसरबाई केरकरांची तेवढीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तिथे कुणी म्हणालं नाही की आलाप कुठाय म्हणून :-) मुंबईत वाजवायला बसलेल्या शिवकुमार शर्मांसारख्यांना तर सिनेमाच्या कामाची सवयच होती. मोजक्या वेळात रंग कसा भरायचा, ते त्यांना हॅरिसनकडून शिकायचं नव्हतं.

'मायक्रोब्स' ऐका. पहिल्याच ट्रॅकला सनई. लंडनच्या समीक्षकाला ती पूर्वेकडची काहीतरी गूढ वाटत असेल, पण पहाटेचा सनई-चौघडा ऐकत वाढलेल्या माणसाला तो सूर घरचा आहे. त्यामुळे गूढबिढ सोडून सरळ वाजवणाऱ्याकडे लक्ष जातं. 'लव्ह सीन'मध्ये आशिष खान यांचा सरोद आहे, एकावर एक दोनदा रेकॉर्ड केलेला. म्हणजे माणूस स्वतःशीच जुगलबंदी करतोय! ते ऐकून कुणी "पार्श्वसंगीत आहे नुसतं" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

सगळाच अल्बम थोर आहे असं नाही. 'काउबॉय म्युझिक' मी दर वेळी पुढे ढकलतो. लंडनमध्ये केलेल्या भागात एरिक क्लॅप्टन टोपणनावाने गिटार वाजवून जातो, तो 'स्कीइंग' तेवढा झकास. मुंबईचे वादक मात्र खऱ्या नावांनी आहेत, फक्त स्पेलिंगची वाट लागलेली. सनईवाल्यांत एक 'हनुमान जादेव' आहेत. हे जाधवच असणार, पैज लावतो.

मग हा अल्बम मागे का पडला? सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही. अल्बम इंग्लंडमध्ये १ नोव्हेंबरला आला आणि तीनच आठवड्यांत बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' येऊन धडकला. त्यापुढे सनई कोण ऐकणार?

आणि जाता जाता त्या 'कोडा'बद्दलही. १९७२मध्ये पेज आणि प्लँट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५मध्ये, याच 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. ४३ वर्षं टेपा पडून! जॉर्जच्या निदान दहा महिन्यांत दुकानात तरी आल्या होत्या.