खोंड शिकवता, मग कुत्रे का नाही?

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याला कुत्रे लागतेच. विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर, गोठ्यातली शेळी, खळ्यावरचा माल या सगळ्यांची रात्रभर राखण कोण करणार? याबद्दल वाद नाही. परंतु तेच कुत्रे दिवसा आल्यागेल्याच्या गाडीमागे धावते, चाकाला तोंड घालते, मडगार्डचे रबर ओढते, उभ्या मोटारीच्या दरवाजावर नख्यांनी रेघोट्या काढते आणि मालक ओट्यावरून म्हणतो, “काही करत नाही हो ते, या तुम्ही!” हा प्रकार मात्र थांबला पाहिजे. कुत्रे काही करत नाही हे मालकाला माहीत असते. गाडीवाल्याला ते माहीत नसते, आणि गाडीच्या पत्र्याला तर नाहीच नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या वस्तीवर कोण कोण येते ते जरा मोजा. दूध संकलनाची गाडी येते. गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी पशुधन पर्यवेक्षक येतो. वायरमन येतो, आशाताई येतात, पोस्टमन येतो. गारपीट झाली की पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही कृषी खात्याची मंडळी येतो. डाळिंबाचा, केळीचा, कांद्याचा व्यापारी माल पाहायला येतो तो बहुधा स्वतःच्या चारचाकीतून. मुलीसाठी स्थळ घेऊन पाहुणे येतात. यातला प्रत्येक माणूस तुमच्या कामासाठी येतो. वाटेवर एक कुत्रे गाडीवर येते म्हटल्यावर तो तोंडाने काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी तुमची वस्ती शेवटी ठेवतो. दूधवाला म्हणतो, “कॅन फाट्यावर आणून ठेवा.” व्यापारी बांधावर न येता फोनवरच भाव सांगतो. माल डोळ्यांनी न पाहता सांगितलेला भाव कधी वरचा असतो का, ते तुम्हीच सांगा.

मोटारसायकलवाल्याचे तर जिवावर बेतते. मागे बायको बसलेली, तिच्या मांडीवर लेकरू. कुत्रे आडवे आले की हँडल वळते, खडीवर चाक घसरते. डोके आपटले तर त्या घराचे काय होईल? मग “आमचं कुत्रं चावलंच नाही” या बोलण्याला काही अर्थ राहत नाही.

कुत्रे गाडीमागे का लागते?

पळत्या वस्तूमागे लागणे हा कुत्र्याच्या जातीतलाच गुण आहे. मराठवाड्यातले कारवानी कुत्रे नजरेने शिकार करणारे. त्याला पळता ससा आणि पळती मोटारसायकल यांत फार फरक वाटत नाही. मेंढरांमागचे कुत्रे कळपातून फुटलेले जनावर वळवायला धावते, तसेच ते गाडीलाही वळवायला जाते. आपले गावठी कुत्रे आपली हद्द राखते. परका वास आणि परका आवाज हद्दीत आला की ते भुंकणारच.

पण यापुढची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कुत्रे धावते, भुंकते आणि गाडी निघून जाते. गाडी तिच्या वाटेने गेलेली असते, पण कुत्र्याला वाटते, “मीच हुसकावली.” रोज दहा गाड्या आल्या तर रोज दहा वेळा त्याचा विजय होतो. ही सवय दुसऱ्या कोणी लावावी लागत नाही, प्रत्येक धावण्याबरोबर ती आपोआप पक्की होत जाते. त्यात घरातली पोरे गंमत म्हणून “छू, छू” करतात आणि मोठी माणसे हसतात. मग मोठेपणी ते ऐकेनासे झाले की काठी घेतात. यात कुत्र्याचा दोष किती आणि आपला किती?

उभ्या गाडीचे नुकसान होते त्याची कारणे वेगळी आहेत. गाडीखाली मांजर शिरते आणि कुत्रे बंपर ओरबाडते. चकचकीत दरवाजात त्याला आपलेच रूप दिसते, ते दुसरे कुत्रे समजून त्यावर झेप घेते. टायरला चार गावच्या कुत्र्यांच्या मुताचा वास असतो, म्हणून तिथेच टांग वर होते. कोवळ्या वयाचे, दिवसभर रिकामे कुत्रे हाताला येईल ते रबर, वायर चावत बसते. उन्हाळ्यात गाडीखाली सावलीला झोपते, तेव्हा गाडी चालू करण्याआधी खाली वाकून पाहिले नाही तर तेच चिरडते.

“त्याचा स्वभावच तसा” हे उत्तर नव्हे

आपण शेतकरी माणसे. खोंड पहिल्या दिवशी जू घेत नाही, उधळतो, लाथा झाडतो. म्हणून “त्याचा स्वभावच तसा” म्हणून कोणी त्याला सोडून देतो का? आपण त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतो, आधी ओंडका ओढायला लावतो, मग औताला धरतो. काही दिवस एक माणूस पुढे चालतो. असा शिकवलेला बैल पुढे शब्दावर चालतो. कुत्रे तर बैलापेक्षा लवकर शिकते. त्याला कोणी शिकवायलाच बसत नाही, एवढेच.

करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, त्याचे धावणे बंद करा. शिकवणे चालू असेपर्यंत कुत्रे मोकळे असताना गाडी यायला नको. घराच्या मागल्या अंगाला, रस्ता दिसणार नाही अशा जागी, सावलीत त्याची जागा करा. दोन खांबांमध्ये पंचवीस-तीस फूट जाड तार ताणा, तारेत कडी टाका आणि कडीला साखळी लावा. म्हणजे कुत्र्याला फिरता येते. खांबाला साखळीचे वेढे बसू नयेत म्हणून कडी खांबापासून अलीकडेच अडेल अशी गाठ तारेला मारा. पाणी जवळ ठेवा. आखूड साखळीला दिवसभर बांधलेले कुत्रे अधिकच चिडके होते. सुटले की पहिल्याच गाडीवर सारा राग काढते. आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातही फार आखूड वा फार जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हा गुन्हा धरला आहे. तेव्हा सकाळ-संध्याकाळ त्याला रानात घेऊन चला.

दुसरी गोष्ट, हाकेला येणे शिकवा. गळपट्ट्याला जुना कासरा बांधा. नाव घेऊन हाक मारा. आले की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा बारीक तुकडा द्या. शिळी भाकर त्याला रोजच मिळते, तिच्यासाठी ते गाडी सोडणार नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. बाप “ये” म्हणतो, पोरगा “इकडं” म्हणतो आणि म्हातारी “हाड” म्हणते, असे झाले तर कुत्र्याने ऐकायचे कोणाचे? आठ-दहा दिवस गाडीशिवायच हा सराव करा.

तिसरी गोष्ट, गाडीची ओळख करून द्या. शेजाऱ्याची गाडी बंद स्थितीत उभी करा आणि कुत्र्याला तीस-चाळीस पावलांवर कासऱ्याने धरून उभे राहा. ते शांत राहिले की खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करा. मग गाडी हळूहळू पुढे न्या, मग थोड्या वेगाने. अंतर दररोज थोडे थोडे कमी करा. कान ताठ झाले, नजर गाडीवर खिळली, अंग आखडले की समजा आपण घाई केली, दहा पावले मागे या. धावायला लागल्यावर ओरडून उपयोग नाही. धावायच्या आधी हाक गेली पाहिजे. रोज पंधरा मिनिटे पुरे होतात, पण रोज. काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. सवय जुनी असेल तर जास्त दिवस लागतात, आणि एखादे कुत्रे पूर्ण सुधारत नाही. अशा कुत्र्याला गाडी येण्याच्या वेळी बांधणे हाच मार्ग. दूधगाडीची वेळ आपल्याला ठाऊक असते, आणि पाहुणे तर हल्ली मोबाईलवर सांगूनच येतात.

काही ठिकाणी गळ्यात लोढणे अडकवतात. त्याने धाव कमी होते खरी, पण लाकूड पुढच्या पायांवर आपटून जखमा होतात, आणि लोढणे काढले की कुत्रे पहिल्यासारखे. उकळते पाणी फेकणे, गाडीवाल्याला “एकदा धडक द्याच” म्हणून सांगणे हे तर माणसाला न शोभणारे प्रकार आहेत. मार खाल्लेले कुत्रे गाडीचा अधिकच द्वेष करते.

नराचे खच्चीकरण करून घेतल्यास त्याचे भटकणे आणि इतर कुत्र्यांशी भांडणे पुष्कळ कमी होते. गाडीमागे धावणे मात्र केवळ त्याने थांबेल असे समजू नका, त्याला वर सांगितलेले शिकवणेच लागते.

रात्री सोडावे का?

बिबट्याच्या पट्ट्यात हा प्रश्न निराळा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला दिलेले आमंत्रणच. तेथे रात्री कुत्रे चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेल्या जागेत ठेवा. भुंकण्याचे काम ते आतूनही करते.

नुकसान झाले तर

पाहुण्याच्या गाडीला ओरखडा पडला, सीट फाटली, तर मालकाने आपण होऊन भरपाईचे बोलावे. “तुम्ही गाडी तिथं लावलीच कशाला?” हा प्रश्न शोभत नाही. दारावर “कुत्र्यापासून सावध रहा” अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. पाटीखाली आपला मोबाईल नंबर लिहा, म्हणजे येणारा फाटकाबाहेरून फोन करील आणि तुम्ही कुत्रे बांधून घ्याल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवनीय धोका असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीवरून कोणी पडले तर गोष्ट पत्र्यावर थांबत नाही.

त्याचबरोबर गाडीवाल्यांनाही सांगणे आहे. कुत्रे मागे लागले की वेग वाढवू नका, लाथ मारू नका. वेग हळू करा, गरज वाटली तर थांबा. चाक थांबले की बहुतेक कुत्र्यांचा जोर ओसरतो. आणि रागाच्या भरात विषाचा लाडू टाकण्याचा विचारही करू नका. त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालणे, मारणे वा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय तो लाडू कोणाच्या शेळीच्या किंवा लेकराच्या तोंडी जाईल ते सांगता येत नाही.

एक धोक्याची सूचना. एरवी शांत असलेले कुत्रे एकाएकी दिसेल त्याच्या अंगावर जाऊ लागले, लाळ गळू लागली, आवाज बदलला तर ही खोड समजू नका. ते पिसाळलेले असू शकते. जवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कोणाला चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. आपल्या कुत्र्याला वयाच्या तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

सरपंच आणि ग्रामसेवकांना

मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेचे काम आहे, त्यात ग्रामपंचायतही आली. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मात्र मालकाची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. वाडी-वस्तीवरील पाळीव कुत्र्यांची यादी करावी, कोणते कुत्रे गाडीवर येते त्याची नोंद ठेवावी आणि त्या मालकाला समज द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून २८ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक रेबीज दिनी, गावात लसीकरण शिबिर ठेवावे. ओरखड्याचे भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी पोलीस पाटलांनी दोघांना समोरासमोर बसवून मिटवावे.

गावात रस्ता आला, घरोघरी गाडी आली. कुत्र्याने मात्र अजून गाडी ओळखलेली नाही, कारण ती ओळख करून द्यायला कोणी वेळच काढला नाही. आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की जुना कासरा शोधा, एक अंडे उकडा आणि सुरुवात करा. उद्याची दूधगाडी यायच्या आत कुत्रे मागल्या अंगाला बांधलेले असू द्या.