फोन फोडू नका, पुसून द्या

जुना फोन कुणाला देऊ नये, फॅक्टरी रीसेट हा नुसता देखावा आहे, पुसलेलं सगळं परत निघतं, तेव्हा हातोडा घ्या आणि फोडून टाका. मार्व्याहून मनोरीला येणाऱ्या फेरीबोटीत एक गृहस्थ हे छातीठोकपणे सांगत असतात. ऐकणारे घाबरतात आणि चांगले चालते फोन कपाटात पडून राहतात. ही भीती अर्धवट माहितीवर उभी आहे, म्हणून ती खोडून काढणं भाग आहे.

गृहस्थांचा आधार केंब्रिजचं संशोधन. ते खरं आहे. 2015 साली तिथल्या संशोधकांनी पाच कंपन्यांचे 21 अँड्रॉइड फोन रीसेट करून तपासले. त्यातून मेसेज निघाले, फोटो निघाले, गूगल खात्यात शिरण्याची किल्लीसुद्धा निघाली. पण ते फोन अँड्रॉइड 2.3 ते 4.3 चे होते, हे गृहस्थ कधीच सांगत नाहीत. त्या काळी माहिती बहुधा उघडीच साठवली जाई आणि रीसेटनंतरही मेमरीत तशीच शिल्लक राही. पुढे अँड्रॉइड 6 पासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनांना आणि 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून सगळ्याच नव्या फोनांना एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून साठवणं, सक्तीचं झालं. आयफोनमध्ये ही सोय 2009 च्या थ्रीजीएसपासून आहे. अशा फोनमध्ये रीसेट केलं की माहिती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. निष्कर्ष सांगायचा आणि तो कोणत्या फोनांचा हे लपवायचं, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

एटीएम कार्डं आली तेव्हाही हाच वाद झाला होता. पिन कुणाला सांगू नका, एवढं शिकवायचं सोडून कार्डच घेऊ नका म्हणणारे तेव्हाही होते. त्यांच्यामुळे कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी पेन्शनसाठी वर्षानुवर्षं रांगा लावल्या.

हातोड्याचं म्हणाल तर लिथियम बॅटरीवर घाव बसला की ती पेट घेऊ शकते, आणि काच फुटली म्हणजे मेमरीची चिप फुटली असं नाही. खाडीत फेकणाऱ्यांना उत्तर द्यायचीही माझी इच्छा नाही. त्याच पाण्यावर इथल्या कोळीवाड्याचं पोट आहे.

मग करायचं काय? फोटो, नंबर, व्हॉट्सअॅप नव्या फोनवर घ्या. यूपीआय अॅपमधून बाहेर पडा. गूगल किंवा अॅपल खातं काढा, नाहीतर फोन घेणाऱ्याकडे तुमचाच पासवर्ड मागेल. सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे ना ते पाहा, मग तिथूनच रीसेट करा. एन्क्रिप्शन नसलेला अगदी जुना फोन मात्र देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात टाका. बाकीचे कॉलेजला जाणाऱ्या मुलीला द्या, होडीवरच्या खलाशाला द्या. हवामानाचा इशारा त्याला वेळेवर कळेल. सिम आणि मेमरी कार्ड तेवढं आधी काढून घ्या. कार्डावरचं रीसेटने आपोआप पुसलं जात नाही.